वाट सोपी असली तरी उतरून बघा: वाळवंटी कुरणातून पहिल्यांदा गाडी नेताना

पहिल्यांदा गाडी रुतली तेव्हा मी ना चढावर होतो, ना उतारावर. सपाट रानात होतो. दोन्ही बाजूंना खुरटी झुडपं, लांबवर चरणारी गुरं आणि मध्ये कोरड्या ओढ्याचं वीस-पंचवीस पावलं रुंद पात्र. आधी गेलेल्या कुठल्याशा गाडीच्या चाकोऱ्या वाळूत ठसठशीत उमटलेल्या होत्या, म्हणून न थांबता गाडी आत घातली. मध्यावर तिचा जोर ओसरला. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि मागची चाकं विहीर खणायला लागली. खाली उतरून पाहिलं तर त्या चाकोऱ्याही तिथेच संपत होत्या. आधीचा शहाणा मध्यापर्यंत येऊन, रिव्हर्स घेऊन निघून गेला होता.

दोन मिनिटं पायी फिरून आलो असतो तर हे काठावरच कळलं असतं. त्याऐवजी तीन तास फावडं मारलं. सोप्या वाटेवर स्टिअरिंगचं कसब फारसं लागत नाही. लागते ती गाडीतून खाली उतरायची तयारी. नवीन माणूस नेमका तिथेच आळस करतो.

‘सोपी’ म्हणजे काय

वाटेला ‘सोपी’ म्हणतात तेव्हा अर्थ एवढाच, की कोरड्या हवेत, बऱ्यापैकी उंच गाडी, कंपनीतून आली तशीच, फारशी धडपड न करता पार जाईल. बऱ्याचशा अशा वाटांवर फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनचा जोर) लागतही नाही. चार-दोन वाळूचे पट्टे आणि एखादा खडबडीत चढ सोडला तर. पण हा शेरा वाटेबद्दल असतो, रानाबद्दल नसतो. मदत किती लांब आहे, सावली आहे का, फोनला रेंज आहे का, यातलं काहीच त्यात धरलेलं नसतं. आणि पाऊस पडून गेला की शेराही बाद. कालची टणक चिकणमाती आज साबणासारखी होते, चाकांच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी जाऊच नका. गाडी अडकेल म्हणून तर नाहीच, पण ओल्या वाटेवर पडलेले खोल चर वाळल्यावर दगडासारखे घट्ट होतात आणि पुढच्या प्रत्येकाला महिनोन्महिने छळतात.

निघण्याआधी गाडीखाली झोपा

खरोखर झोपा, चटई टाकून. सर्वांत खाली काय लोंबतंय ते बघा. बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा सर्वांत खाली असतो आणि तो मधोमध नसून एका बाजूला सरकलेला असू शकतो. कोणत्या बाजूला, हे ठाऊक असेल तर दगड कुठून घ्यायचा ते आपोआप कळतं. पुढे-मागे ओढून काढायचे हूक कुठे आहेत तेही याच वेळी पाहून ठेवा. स्टेपनी खाली काढून तिच्यातली हवा तपासा, घरच्या सपाट जागेवर एकदा जॅक लावून चाक बदलून बघा. नट इतके घट्ट आवळलेले असतात की गाडीसोबत आलेल्या आखूड पान्याने हलत नाहीत. हा शोध भर उन्हात लागू नये.

गाडीला फोर व्हील ड्राइव्ह असेल तर लिव्हर किंवा बटण कसं चालतं ते मॅन्युअल उघडून वाचा. हाय रेंज वाळूसाठी आणि सुट्या खडीसाठी. लो रेंज अगदी सावकाश, ताकदीच्या कामासाठी, म्हणजे खडकाळ चढ आणि तीव्र उतार. पार्ट-टाइम पद्धतीच्या, म्हणजे गरजेपुरती फोर व्हील लावायच्या गाडीत हे कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायचं नाही. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, डांबरावर त्यांना घसरायला वाव नसतो, आणि तो सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

सामानाचं म्हणाल तर लोक उगाच फार नेतात. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी, कडक उन्हात त्याहून जास्त, आणि वर एका दिवसाचं जादा. लांब दांड्याचं फावडं. टायरखाली घालायच्या दोन ट्रॅक्शन पट्ट्या. हवेचा छोटा कंप्रेसर आणि भरवशाचा प्रेशर गेज. पंक्चर काढायचा संच, जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी (नाहीतर वाळूत गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो), प्रथमोपचाराची पेटी, टॉर्च. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, शिवाय एक कागदावरचा ठेवा. तापलेला फोन ऐन वेळी बंद पडतो. इंधनाचा साधा हिशेब असा: टाकीचे तीन भाग करा. एक जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला. वाळूत गाडी इंधन भसाभस पिते.

शेवटचं, आणि हे लोक विसरतात: कुणाला तरी लिहून द्या, कुठून आत शिरणार, कुठून बाहेर येणार, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची. ‘संध्याकाळपर्यंत येतो’ याला काही अर्थ नाही. घड्याळातली वेळ द्या.

हवा कमी करा

नवख्या माणसाला एकच गोष्ट शिकवायची झाली तर मी ही शिकवेन. ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड १९२० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९३० च्या सुरुवातीला साध्या फोर्ड गाड्या घेऊन सहाराच्या पूर्वेकडच्या लिबियन वाळवंटात फिरला. त्या गाड्यांना फोर व्हील ड्राइव्ह नव्हती. टायरमधली हवा कमी करणं आणि रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवणं ही त्याची हत्यारं. आज आपण प्लॅस्टिकच्या रंगीत पट्ट्या छतावर मिरवतो, युक्ती तीच आहे.

हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरतो. रुंदीला थोडा, लांबीला पुष्कळ; रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. तेवढंच वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि चाक वाळू खणण्याऐवजी तिच्यावरून चालतं. डांबरीवर ३२ ते ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असणाऱ्या नेहमीच्या गाडीला खडी-मातीच्या वाटेवर २५-२६ पुरते. सुट्या वाळूत १८-२० वर या. १५ च्या खाली जाऊ नका. वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. हवा कमी असताना झटक्यात वळणं नाही आणि वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या आत, कारण टायरच्या भिंती वाकून-वाकून तापतात.

मोजमाप टायर थंड असताना करा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की हवा एक पीएसआयने वाढते, त्यामुळे पहाटे मोजलेले २० दुपारी वाटेवर २४-२५ दिसले तर गेजला दोष देऊ नका. वाट सुरू होते तिथेच थांबा, उतरा, व्हॉल्व्हच्या टोप्या खिशात घाला (बॉनेटवर ठेवलेल्या टोप्या कधीच परत मिळत नाहीत) आणि चारही चाकांची हवा सोडा. ‘लागली तर पुढे कमी करू’ म्हणणारे रुतल्यावर पोटावर पडून हवा सोडताना मी पाहिलेत.

चाकोरीत राहा

एरवी चाकोरीबाहेर जाणाऱ्याचं कौतुक होतं. इथे चाकोरी सोडायची नाही. वाळवंटी मातीवर बऱ्याच ठिकाणी काळसर, खरबरीत पापुद्रा दिसतो. ती नुसती वाळलेली माती नसते. सूक्ष्मजीव, दगडफूल आणि शेवाळ यांनी मिळून विणलेली ती जिवंत साय असते आणि तीच माती धरून ठेवते. एकदा टायरखाली चिरडली की भरून यायला अनेक दशकं जातात. १९४२ ते १९४४ या काळात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात सैन्याचं मोठं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथल्या रणगाड्यांचे माग काही ठिकाणी अजून दिसतात. समोरून गाडी आली तर झुडपांत शिरून बाजू देऊ नका. ज्याला आधीच मोकळी केलेली जागा जवळ असेल त्याने मागे जायचं. चढावर असाल तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. त्याला पुन्हा जोर धरणं अवघड असतं.

स्टिअरिंग हलकं धरा, अंगठे आत अडकवू नका, वर्तुळावर बाहेरून ठेवा. दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग झटका देऊन फिरतं आणि आत अडकलेला अंगठा मोडू शकतो. नजर बॉनेटवर नको, वीस-तीस पावलं पुढे हवी.

टोकदार दगड वाटेत आला तर तो दोन चाकांच्या मधून घ्यायचा मोह होतो. तसं करू नका. दगड डिफरन्शियलपेक्षा उंच निघाला तर खेळ खल्लास. चाक सावकाश त्याच्यावर चढवा, म्हणजे गाडीचं पोट आपोआप वर उचललं जातं. मात्र दगड टायरच्या तळाखाली येऊ द्या, कडेला घासू देऊ नका. तळाचं पंक्चर निघतं, भिंत फाटली तर स्टेपनीच.

वाळूत याच्या उलट. तिथे सावकाशपणा नडतो. पट्टा सुरू होण्याआधी योग्य गिअर टाका, एकसारखा जोर ठेवा, मध्ये गिअर बदलू नका, झटक्यात वळू नका. थांबायचं असेल तर ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर सोडून गाडीला आपल्या आपण थांबू द्या. ब्रेक दाबला की चाकापुढे वाळूची पाचर साठते आणि निघताना तीच चढायची पाळी येते. थांबायला जागा निवडताना गाडीचं तोंड उताराकडे राहील असं बघा. सकाळची गार, किंचित दमट वाळू दुपारच्या तापलेल्या वाळूपेक्षा जास्त घट्ट असते, म्हणून अवघड पट्टे लवकर उरका. तिरप्या उन्हात खाचखळग्यांच्या सावल्याही दिसतात. माथ्यावर सूर्य आला की सगळी जमीन सपाट वाटते.

काही जागी वाट पन्हाळी पत्र्यासारखी लाटालाटांची होते. ठरावीक वेगाच्या वर फिरणारं चाक सुट्या मातीत अशा लाटा आपोआप उठवतं, म्हणजे त्या आपणच घातलेल्या असतात. ‘जोरात पळवली की लाटा जाणवत नाहीत’ असं कुणीतरी सांगेलच. जाणवत नाहीत हे खरं, कारण चाकं लाटांच्या माथ्यांना जेमतेम टेकत असतात. त्या वेळी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरती उरतात. मी सावकाश जातो, हवा कमी ठेवतो आणि दात वाजू देतो.

फुफाटा हे वेगळं प्रकरण. पिठासारखी बारीक धूळ खड्ड्यात काठोकाठ भरलेली असते आणि वरून जमीन सपाट दिसते. आत खड्डा गुडघाभर खोल असू शकतो. रंग जरा फिका, पोत जरा जास्तच मऊ दिसला की थांबा, उतरा, काठी खुपसून बघा. पुढच्या गाडीची धूळ खात मागे लागू नका. ती खाली बसेपर्यंत अंतर ठेवा आणि हेडलाइट लावून ठेवा.

हे कुणाचं तरी कामाचं रान आहे

वाळवंटी कुरण म्हणजे पडीक जमीन असं समजून येणारे फार. एकरामागे तिथे गवत थोडं, म्हणून गुरं-मेंढरं लांबलांब पसरलेली; दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं नव्हे. वाट कुणाच्या हद्दीतून जाते, परवानगी लागते का, वर्षातला काही काळ ती बंद असते का, हे आधी विचारा.

फाटकाचा नियम एकच: जसं दिसलं तसं ठेवा. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. उघडं फाटक दिसलं की ‘बिचाऱ्याचं बंद करायचं राहिलंय’ म्हणून लावून घेणारे सज्जन असतात. पलीकडच्या गुरांची पाण्याकडे जायची ती एकच वाट असू शकते. एकाहून जास्त गाड्या असतील तर ज्याने फाटक उघडलं त्याने शेवटची गाडी जाईपर्यंत तिथेच उभं राहायचं. ‘मागचा लावेल’ यावर सोडायचं नाही.

तारेचं फाटक पहिल्यांदा पाहिलं की माणूस गोंधळतो. ते कुंपणाचाच सैल तुकडा असतं, तीन-चार तारा आणि उभ्या काठ्या, शेवटची काठी खांबाला वर-खाली दोन तारेच्या फासांत अडकवलेली. उघडताना वरचा फास काढा, काठी खालच्या फासातून उचला आणि सगळं फाटक चाकांखाली येणार नाही इतकं बाजूला नेऊन ठेवा. लावताना आधी काठीचं बूड खालच्या फासात, मग खांदा लावून काठी खांबाकडे दाबायची आणि वरचा फास चढवायचा. हाताने ओढत बसलात तर जमणार नाही. खांदाच लावा, हातमोजे घाला, आणि काटेरी तार असेल तर तोंड जरा लांब ठेवा.

काही ठिकाणी फाटकाऐवजी रस्त्यात खड्डा करून त्यावर आडवे लोखंडी पाइप टाकलेले असतात. गुरं त्यावर पाय ठेवत नाहीत. गाडीने सरळ, काटकोनात, सावकाश ओलांडायचं. तिरपं गेलात की ओल्या पाइपांवर चाक घसरतं. मोटारसायकलने जाणाऱ्याला तर हे दुप्पट लागू.

गुरं वाटेत असतील तर थांबा. हॉर्न नको. चालत्या गतीने पुढे सरका, त्यांना वळायला वेळ द्या. एका बाजूला गाय आणि दुसऱ्या बाजूला वासरू असेल तर ती हमखास आडवी येणार असं धरूनच चाला. मेंढरांजवळ मोठाली कुत्री दिसली तर ती राखणीची असतात. उतरून कुरवाळायला जाऊ नका. उतरा उतरा म्हणून मी सारखं सांगतोय, त्याला हा एक अपवाद. पाण्याच्या हौदाशेजारी मुक्काम टाकू नका. माणूस दिसला की लाजरी जनावरं, पाळीव आणि रानटी दोन्ही, पाण्यावर येत नाहीत आणि रात्रभर तहानलेली लांब उभी राहतात.

ओढे आणि तळी

कोरड्या पात्रात थांबू नका, जेवायला बसू नका, तंबू तर अजिबात नको. डोक्यावर निरभ्र आकाश असताना वरच्या डोंगरात पडलेला पाऊस तास-दोन तासांनी तुमच्यापर्यंत येतो. वाळवंटात पाणी मुरायला वेळ घेतं आणि एकदम लोंढ्यानं येतं. साधारण ३० सेंटीमीटर वाहतं पाणी लहान गाडी वाहून नेऊ शकतं, ६० सेंटीमीटर बहुतेक सगळ्या गाड्या. पात्रात पाणी वाहताना दिसलं तर काठावर थांबा. असे लोंढे बहुधा काही तासांत ओसरतात.

पात्र ओलांडताना आधी पायी जा. टाच किती रुतते ते बघा, पलीकडचा चढ कापला गेलाय का ते बघा, आणि माझ्यासारखं होऊ नये म्हणून चाकोऱ्या खरोखर पलीकडे पोहोचतात का तेही बघा.

कोरड्या तळ्याचा पांढरा, तडकलेला, क्रिकेटच्या मैदानासारखा तळ दिसला की गाडी भरधाव सोडायची इच्छा होते. वरच्या पापडीखाली चिखल असू शकतो, आणि तिथे रुतलेली गाडी सहजासहजी निघत नाही. वाट कडेने जात असेल तर कडेनेच जा.

रुतलीच तर

पहिलं काम: ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. चाकाचा एकेक फेरा गाडीला खाली नेतो. गाडीचं पोट अजून टेकलेलं नसेल तर तुम्ही अर्धे सुटलात.

उतरा, पाणी प्या, मग बघा. आल्या वाटेने मागे जाणं बहुतेक वेळा सोपं, कारण तिथली माती तुम्हीच दाबून आला आहात. चाकांच्या समोरची (किंवा मागची, जिकडे जायचं तिकडची) वाळू उतरती करून काढा, पोटाखालची मोकळी करा, हवा आणखी दोन-तीन पीएसआयने कमी करा, पट्ट्या चाकाला भिडवून सरकवा आणि सावकाश निघा. गाडी सुटली की टणक जमीन येईपर्यंत थांबू नका. पट्ट्या आणायला चालत परत या. पट्ट्यांसमोर किंवा मागे कुणी उभं नको, त्या उडतात.

दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर दोर किंवा पट्टा खास त्यासाठीच असलेल्या हुकालाच बांधा. ट्रेलर जोडायच्या गोल बॉलला कधीही नाही. झटक्याने तो तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो, आणि त्याने माणसं मेली आहेत. बाकीच्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा.

काहीच जमलं नाही तर गाडीपाशीच थांबा. सावली तिथे, पाणी तिथे, आणि शोधणाऱ्याला उघड्या रानात चालणाऱ्या माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. बॉनेट उघडून ठेवा, दुपारी हालचाल करू नका, खणायचं काम संध्याकाळवर ढकला.

डांबरीवर परतल्यावर

खरं तर एक गोष्ट आधीच सांगायची होती: उंच वाळलेल्या गवतावर गाडी उभी करायची नाही. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काहीशे अंश तापलेला असतो. वाटेत गवत लागलं असेल तर थांबाल तिथे वाकून बघा आणि एक्झॉस्टच्या आसपास अडकलेल्या काड्या काठीने काढून टाका. जळकट वास आला तर लगेच.

डांबरी लागली की फोर व्हील काढा, चारही चाकांत हवा भरा. कमी हवेने वेगात जाणं हा परतीच्या वाटेवरचा सर्वांत मोठा धोका आहे, कारण तोवर सगळे दमलेले असतात आणि कंप्रेसर पार सामानाच्या तळाशी गेलेला असतो. म्हणून तो शेवटी ठेवा, वर. टायरच्या भिंती हाताने चाचपा, आतल्या बाजूनेही. रेडिएटरच्या जाळीत बिया आणि कुसळं अडकली असतील तर झटका. पुढच्या रानात तण पेरायचं काम आपल्याकडे नको.

आणि ज्याला वेळ लिहून दिली होती त्याला फोन करा. हा राहून जातो. मग तुम्ही आरामात जेवत बसलेले असता आणि तिकडे तो तुमचा नकाशा घेऊन गाडी काढत असतो.